घरट्यासमोर कावळा बसलाय, आता काय करायचं?

खिडकीबाहेर बुलबुलाने घरटं केलं की आपण खूश. मग एक दिवस तिथे कावळा, भारद्वाज किंवा शेजारचा बोका येतो आणि आपली झोप उडते. अशा वेळी मध्ये पडायचं की गप्प बसायचं?

एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे परीक्षांचा सीझन. लातूरला औसा रोडपासून बार्शी रोडपर्यंत रूमवरचे दिवे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालू असतात. नांदेडला युनिव्हर्सिटीच्या पेपरांची गडबड असते. नेमक्या याच दिवसांत तुमच्या कूलरच्या मागे, बाथरूमच्या डक्टमध्ये, जिन्याखालच्या वेलीत आणि वरच्या गच्चीवर दुसरीच परीक्षा चालू असते. तिथे रिझल्ट लागायला महिनाभरसुद्धा लागत नाही आणि नापास होणारे खूप असतात.

आपल्या भागात बऱ्याच पक्ष्यांचा विणीचा हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होतो आणि पावसाळ्यापर्यंत चालतो. म्हणजे ४२ डिग्रीच्या उन्हात, पाण्याची मारामार असताना ही मंडळी संसार थाटतात. त्यासाठी जंगल लागतंच असं नाही. आपलं घर, आपली गल्ली त्यांना चालते. अडचण एवढीच, की आपल्या घराजवळ फक्त तेच येत नाहीत, त्यांना खाणारेही येतात.

शेजारी कोण कोण?

आधी ओळख करून घेऊ. डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल ठिपका असलेला तो लालबुड्या बुलबुल. हा वेलीत, कुंडीतल्या झाडात, कधी ट्यूबलाइटच्या पट्टीवरही वाटीसारखं घरटं करतो. कोळ्याचं जाळं वापरून काड्या घट्ट बसवतो. दोन-तीन अंडी, उबवायला साधारण चौदा दिवस आणि मग पिल्लं उडेपर्यंत बारा-तेरा दिवस. म्हणजे सव्वीस-सत्तावीस दिवसांचा सगळा खेळ.

होला तर आळशीपणाचा नमुना वाटावा असा. चार काड्या आडव्या, चार उभ्या, झालं घरटं. खालून बघितलं तर काड्यांमधून अंडी दिसतात. शिंपी मात्र नावाला जागतो. चोचीने पानाच्या कडांना भोकं पाडून, कापूस किंवा जाळ्याचा धागा ओवून पान शिवतो आणि त्या पिशवीत घरटं करतो. शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, तारेला किंवा फांदीच्या टोकाला लोंबतं घरटं बांधतो. त्याला बाहेरून सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, कचरा चिकटवलेला असतो. कुणाला वाटावं, वाऱ्याने अडकलेला केर आहे.

आणि टिटवी. ती घरटंच करत नाही. मोकळ्या जमिनीवर खड्यांमध्ये चार ठिपकेदार अंडी घालते. आजकाल सपाट गच्चीवरच्या खडीतही घालते. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं आपल्याकडचे शेतकरी म्हणतात. तिची अंडी उबायला अठ्ठावीस-तीस दिवस लागतात. कडक उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. कूलर नाही, इन्व्हर्टर नाही, तरी तिचं भागतं.

आता हे सगळे प्रकार पुन्हा एकदा वाचा. पान शिवणं, कचऱ्याचा वेश, खड्यांसारखी अंडी. हे शोभेसाठी चाललेलं नाही. प्रत्येक घरट्याची रचना म्हणजे कुणापासून तरी लपायची युक्ती आहे.

कुणापासून लपायचं?

यादी मोठी आहे. कावळा, भारद्वाज, टकाचोर आणि शिक्रा हे पक्षी. मांजर आणि मुंगूस. धामणीसारखे साप. सरडा लहान अंडी सोडत नाही. जी खार आपल्याला गोड वाटते, जिला आपण खारूताई म्हणतो, तीसुद्धा संधी मिळाली की अंडी फोडून खाते. मुंग्यांची रांग लागली तर नुकती फुटलेली पिल्लंही वाचत नाहीत.

लहानपणी आपण सगळ्यांनी चिऊ-काऊची गोष्ट ऐकलीय. पावसात काऊचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिऊचं दार वाजवतो आणि चिऊ काही केल्या लवकर दार उघडत नाही. लहानपणी चिऊ जरा खडूस वाटायची. विणीच्या काळात कावळा काय करतो हे बघितल्यावर चिऊचं वागणं एकदम पटतं. पिल्लं घरात असताना कावळ्याला दार कोण उघडेल?

खऱ्या चिमणीचंही संरक्षण म्हणजे तिचं दारच. ती भिंतीतल्या फटीत, भोकात घरटं करते. भोक एवढं लहान, की कावळा आत शिरत नाही. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत, दगडी भिंतींत अशा फटी भरपूर असायच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीची ती घरं कोसळली आणि नंतर सिमेंटची उभी राहिली. माणसांसाठी ते गरजेचंच होतं. शहरांत तर भूकंप नसतानाही घरं गुळगुळीत झाली, आणि गुळगुळीत भिंतीत चिमणीला दार सापडत नाही.

एका घरट्याचे सत्तावीस दिवस

नांदेडला आमच्या घरासमोरच्या मधुमालतीत यंदा बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं. मी खिडकीतून रोज नोंद ठेवली. १९ मार्चला पहिली काडी. २४, २५ आणि २६ तारखेला एकेक अंडं. मग दोन आठवडे मादी बसून. दुपारी ऊन घरट्यावर आलं की ती अंड्यांवर नुसती बसायची नाही, पंख जरा पसरून सावली धरायची. ८ एप्रिलला पहिलं पिल्लू बाहेर आलं, दुसऱ्या दिवशी उरलेली दोन. डोळे मिटलेले, अंगावर पीस नाही, फक्त उघडी चोच. आई-बाप दर काही मिनिटांनी अळ्या, किडे, फळांचे तुकडे आणायचे आणि जाताना पिल्लांची विष्ठा चोचीत उचलून लांब नेऊन टाकायचे. घरट्याखाली पांढरे डाग पडले तर शत्रूला पत्ता लागतो, म्हणून ही स्वच्छता.

१५ एप्रिलला सकाळी सव्वासातला आजी अंगणातून ओरडली, "भारद्वाज आलाय बघ, दर्शन घे!" आपल्याकडे भारद्वाज दिसणं शुभ. आजीने हात जोडले. तांबडे पंख, लाल डोळे, डुलत डुलत चालणारा तो मोठा पक्षी कंपाउंडवरून मधुमालतीत शिरला. बुलबुलाची जोडी जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. दोन साळुंक्या आल्या, एक दयाळ आला, सगळे मिळून त्याच्यावर झेपावले. एकटा पक्षी मोठ्या शत्रूचं काही करू शकत नाही, म्हणून हे पक्षी घोळका करून गोंगाट करतात. कधी कधी शत्रू वैतागून निघूनही जातो. हा गेला नाही. दोन खेपांत घरटं रिकामं झालं. आजी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "त्यालाबी पोट हाय की."

त्या दिवशी मी खूप वेळ विचार करत होते. काठी घेऊन पळत गेले असते तर? भारद्वाज कदाचित उडाला असता. पण दुपारी पुन्हा आला असता, कारण त्याला पत्ता कळला होता. २६ तारखेला तीच असावी अशी एक जोडी मागच्या कढीपत्त्यात काड्या नेताना दिसली. पहिलं घरटं मोडलं तर बुलबुल पुन्हा मांडतात. त्यांचा सगळा हिशोबच तसा आहे.

हिशोब मांडून बघा

समजा बुलबुलाच्या एका जोडीने वर्षातून दोनदा तीन-तीन पिल्लं वाढवली आणि एकही मेलं नाही. वर्षाअखेरीस दोनाचे आठ, म्हणजे एका जोडीच्या चार जोड्या. दुसऱ्या वर्षी सोळा. असंच चाललं तर दहाव्या वर्षी १० लाख ४८ हजार ५७६ जोड्या. सगळ्या एकाच मधुमालतीच्या. नांदेडमध्ये माणसांना उभं राहायला जागा उरणार नाही.

तसं होत नाही, कारण बहुतेक अंडी-पिल्लं कुणाच्या तरी पोटात जातात. बुलबुलांची संख्या टिकायला एका जोडीची आयुष्यभरात फक्त दोन पिल्लं मोठी होणं पुरेसं आहे. भारद्वाज जे करतो ती गडबड नव्हे, रोजचा कारभार आहे. कावळ्याचंही तेच. एप्रिल ते जून त्याच्याही घरट्यात पिल्लं असतात. आणि कावळ्यालाही ठकवणारा आहेच. कोकिळा त्याच्या घरट्यात अंडं घालते, कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांआधी बाहेर येतं आणि कावळा बिचारा त्यालाच भरवत बसतो. म्हणजे खलनायक ठरवायचा तर कुणाला? कोकिळेचा आवाज आपण स्टेटसला ठेवतो!

म्हणून पहिलं उत्तर सरळ आहे. जंगली पक्ष्याने जंगली पक्ष्याचं पिल्लू नेलं तर मध्ये पडायचं नाही. दगड मारणं, गलोल चालवणं तर अजिबात नाही. आपल्या आरडाओरड्याने आई-बापही घरटं सोडून उडतात आणि तापलेल्या उन्हात उघडी पडलेली अंडी फार वेळ तग धरत नाहीत.

पण सगळेच शत्रू नैसर्गिक नसतात

इथे गोष्ट बदलते. घरट्याचे काही शत्रू आपण स्वतः तयार केलेत.

पहिलं मांजर. रानातल्या शिकाऱ्याला शिकार मिळाली नाही तर तो उपाशी राहतो, त्याची संख्या आपोआप कमी होते. मांजराचं तसं नाही. त्याची वाटी आपण भरतो, आणि पोट भरलं तरी ते शिकार करतं. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की तिथली पाळीव आणि मोकाट मांजरं मिळून दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. आपल्या गल्लीतला बोका काही वेगळा नाही. मांजर वाईट असं म्हणायचं नाहीये. पण मांजर ही माणसाने आणलेली गोष्ट आहे, तेव्हा तिची जबाबदारीही माणसाची.

दुसरा कचरा. मेसचं उरलेलं अन्न उघड्यावर टाकलं की कावळे वाढतात. सकाळी ते आपल्या उष्ट्यावर जगतात आणि दुपारी समोरच्या झाडातली घरटी तपासतात. कावळ्याला शिव्या देण्याआधी डस्टबिनला झाकण आहे का ते बघा.

तिसरी आपली कात्री. मार्चमध्ये घर स्वच्छ करायचं म्हणून वेल छाटली, की आतलं घरटं एकदम उघडं पडतं. पक्ष्याने आडोसा बघून जागा निवडलेली असते आणि आपण तो आडोसाच काढून टाकतो.

आणि चौथे आपणच, मोबाइल घेऊन. अलेक्झांडर स्कच नावाच्या पक्षी अभ्यासकाने १९४९ मध्ये एक विचार मांडला होता. घरट्याकडे जेवढ्या जास्त फेऱ्या होतात, तेवढा शत्रूला त्याचा पत्ता लागायची शक्यता जास्त. उष्ण प्रदेशातले पक्षी कमी पिल्लं का वाढवतात, याचं एक कारण त्याला यात दिसलं. हे आई-बापांच्या फेऱ्यांबद्दल होतं. आता त्यात आपल्या फेऱ्या मिळवा. रोज चार जण पानं बाजूला करून रील काढणार, आणि समोरच्या तारेवर बसलेला कावळा ते सगळं बघणार. पत्ता आपणच देतो.

मग करायचं काय?

ज्यात आपला हात आहे, तो काढून घ्यायचा. एवढं सोपं आहे, आणि परीक्षेच्या दिवसांतही जमण्यासारखं आहे.

घरटं दिसलं की लांबून बघा, निदान पंधरा-वीस फुटांवरून, शक्यतो खिडकीच्या आतून. पानं हलवू नका, फ्लॅश मारू नका. तुम्ही आल्यावर पक्षी ओरडायला लागला किंवा चोचीत घास घेऊन नुसताच ताटकळला, तर तुम्ही फार जवळ आहात. जवळपास कावळा किंवा मांजर दिसत असेल तर घरट्याच्या दिशेला जाऊच नका. फोटो टाकायचाच असेल तर पिल्लं उडून गेल्यावर टाका, लोकेशन न देता.

घरात मांजर असेल तर पिल्लं असेपर्यंतचे दोन आठवडे, निदान सकाळ-संध्याकाळ, ते आत ठेवा. मोकाट मांजरासाठी झाडाच्या बुंध्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळला तर त्याला वर चढता येत नाही. पाण्याचं भांडं जरूर ठेवा. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पाण्याचं मोल सांगायला नको. फक्त ते भांडं आणि दाणे घरट्याच्या शेजारी ठेवू नका, नाहीतर पाहुण्यांबरोबर शिकारीही येतात.

वेल छाटायची असेल तर पावसाळ्यानंतर छाटा. डक्टला जाळी मारायची असेल तर आत घरटं नाही ना हे बघून मारा. रूमवर राहत असाल तर घरमालक काकूंना समजावून सांगा, की फक्त तीन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे. त्या ऐकत नसतील तर कायदाही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच जंगली पक्ष्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं आणि अंडी किंवा घरट्यांना धक्का लावणं येतं. पण काकूंना कायद्याआधी चहा प्या आणि पिल्लं दाखवा. ते जास्त चालतं.

चिमण्यांसाठी लाकडी घरटं टांगणार असाल तर भोक साधारण ३२ मिलिमीटरचं ठेवा, म्हणजे सव्वा इंच. बाहेर बसायला दांडी नको. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र ती आयतीच मिळते.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर आधी नीट बघा. अंगावर पिसं नसतील आणि घरटं हाताला येत असेल, तर अलगद उचलून परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही. पिसं आलेली असतील, शेपूट आखूड असेल आणि पिल्लू उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. आई-बाप जवळच असतात. त्याला जवळच्या झुडपात ठेवा, मांजराला लांब ठेवा आणि निघा. चोचीत पाणी ओतू नका, दूध-पोळी भरवू नका, खोक्यात घालून रूमवर आणू नका. जखमी असेल तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

नुसतं बघण्यातून काय मिळतं?

पक्षी बघणं म्हणजे महागडा कॅमेरा आणि अभयारण्य, असं आपल्याला वाटतं. सलीम अली १९३० मध्ये जर्मनीहून शिकून परतले तेव्हा त्यांच्याकडे नोकरी नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि पावसाळ्यात तिथल्या सुगरण पक्ष्यांची घरटी बघत बसले. बहिणाबाईंच्या कवितेमुळे सुगरण आपल्याला 'ती' वाटते. पण घरटं विणतो नर. तो अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच राहते. ती अंड्यांवर बसली की नर दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसरीला बोलावतो. पक्ष्यांच्या अभ्यासात महत्त्वाची ठरलेली ही गोष्ट बेकारीच्या दिवसांत, एका गावात, रोज निरीक्षण करून कळली. अमेरिकेत मार्गारेट मोर्स नाइस या बाईंनी मुली वाढवता वाढवता ओहायोतल्या घराजवळच्या चिमणीसारख्या पक्ष्यांवर अनेक वर्षं नोंदी ठेवल्या. त्यांचं काम आजही दाखल्यासाठी काढलं जातं.

तुम्हालाही एक वही पुरेशी आहे. तारीख, वेळ, कोणतं झाड, किती अंडी, आई-बाप तासाभरात किती वेळा आले, कोण शत्रू दिसला, शेवटी काय झालं. घरटं नापास झालं तरी नोंद पूर्ण करा. उलट तीच जास्त कामाची असते, कारण यशाचे फोटो सगळेच टाकतात आणि रिकाम्या घरट्याबद्दल कुणी लिहीत नाही. मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबरचा आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबरचा वाढदिवस धरून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. तोपर्यंत तुमच्या वहीत एक अख्खा हंगाम जमा झालेला असेल.

आणि पेपर संपले म्हणून हंगाम संपत नाही. पहिला पाऊस झाला की गावाकडच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीकडे बघा. सुगरणींची घरटी बहुतेक पाण्यावर किंवा काट्यांत लटकतात, म्हणजे सापाला आणि मांजराला तिथे पोचणं अवघड. त्यातही काही घरटी अर्धवट सोडलेली दिसतील. ती शत्रूने मोडलेलीच असतील असं नाही, मादीला पसंत पडली नसतील. लांब बसून अर्धा तास बघा, कोणतं कोणतं ते तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.